एक रजई, दोन धनी

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपल्याकडे म्हणतात. पण अंथरुणावर पाय चार आणि वर पांघरूण एकच असेल, तर काय करावे हे ती म्हण सांगत नाही. हा प्रश्न दर हिवाळ्यात गादीवाल्याच्या दुकानात सुटतो, नाही तर तिथेच चिघळतो.

दिवाळी उलटली की कसबा पेठेतल्या वाड्यांत पहाटेचा गारठा जाणवू लागतो. पुण्याची थंडी थट्टेवारी नेण्यासारखी नाही. जानेवारी १९३५ मध्ये येथे पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता. मग नवरा-बायको मिळून रजई भरून घ्यायला निघतात. पुढचा संवाद कोणत्याही गादीवाल्याला पाठ असेल.

"चाचा, चांगली भरगच्च भरा. माझे पाय रात्रभर बर्फ असतात."

"नको, हलकीच भरा. मला घाम फुटतो."

"घाम फुटतो, तर पहाटे सगळी रजई तुमच्याकडे कशी जाते?"

"मी ओढत नाही. तूच गुंडाळून घेतेस!"

चाचा हसतात आणि दोघांचे मन राखायला मध्यम वजनाची रजई भरून देतात. ती बाईंना पातळ होते आणि साहेबांना जड. पुढच्या वर्षी दोघेही तयार मालाच्या दुकानात जातात. भांडण त्यांचे, पण गिऱ्हाईक आपले जाते.

खरे तर दोघेही खोटे बोलत नसतात. बायकांचे हातपाय पुरुषांच्या मानाने लवकर गार पडतात. रजईची ऊब कापसापेक्षा त्यात अडकलेल्या हवेची असते. कापूस दबून त्याचे गठ्ठे झाले की हवा निघून जाते, रजईचे वजन तेवढेच राहते आणि ऊब कमी होते. म्हणून तो पुन्हा पिंजावा लागतो.

ओढाओढीचे दुसरे कारण मापात असते. पाच फुटी पलंगाला पाच फुटीच रजई दिली, तर भांडण आपणच शिवून दिले म्हणायचे. दोन माणसे निजली की त्यांच्या खांद्यांमध्ये रजई तंबूसारखी उचलली जाते, तिथून गार हवा शिरते आणि कडा आत सरकतात. शिवाय भरल्यावर आणि टाके घातल्यावर खोळीची रुंदी काही इंच कमी होते, ते वेगळेच. दुहेरी रजई तयार झाल्यावर पलंगाच्या दोन्ही बाजूंना निदान नऊ-नऊ इंच खाली आली पाहिजे. हा हिशोब कापड कापण्यापूर्वी करायचा असतो.

याहून सोपा उपाय म्हणजे एका गादीवर दोन एकेरी रजया. एक दोन किलोची, एक सव्वा किलोची. काही वडीलधाऱ्यांना हे खटकेल. पण जर्मनी, डेन्मार्क, स्वीडन या थंड देशांत एका पलंगावर दोन पांघरुणे ही रोजची रीत आहे. आपल्याकडेही याला आधार आहे. सहीह मुस्लिममध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांची हदीस आहे. एक अंथरूण पुरुषाचे, एक त्याच्या पत्नीचे, तिसरे पाहुण्याचे आणि चौथे सैतानाचे, असा तिचा आशय आहे. इमाम नववी यांनी तिच्या विवेचनात आजारपणासारख्या वेळी वेगळे अंथरूण लागू शकते असे सांगितले आणि एरवी पती-पत्नींनी एकत्र निजणेच उत्तम मानले. एक गादी आणि दोन रजया यांत दोन्ही गोष्टी साधतात.

चौथ्या अंथरुणाचा इशारा मात्र आपल्या धंद्यासाठी आहे. त्याचा रोख गरजेपेक्षा जास्त मिरवण्यावर आहे. म्हणून नको असलेला माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारू नये. ज्यांना दोन रजया परवडत नाहीत, त्यांना एकच रुंद रजई द्यावी आणि तिच्या एका अर्ध्या भागात कापूस जास्त, दुसऱ्यात कमी भरावा. किंवा दोघांना मिळून एक सोलापुरी चादर आणि थंडी वाजणाऱ्याला वरून एक हलकी दुलई, एवढ्यानेही काम भागते.

हे सारे पिंजारीच करू शकतो. कारखान्यातून येणारी फायबरची रजई ठरावीक मापाची आणि ठरावीक वजनाची असते. ती कोणाचे पाय गार पडतात हे विचारत नाही. फोम आणि फायबरने आपल्या बिरादरीचे बरेच काम नेले, हे खरे. कसब्यात कागदीपुरा आहे, पण हातकागदाचा धंदा गेला आणि नावच उरले. जवळच्या तांबट आळीत मात्र अजून ठोके ऐकू येतात. पिंजाऱ्याने कोणाच्या वाटेने जायचे, हे त्यानेच ठरवायचे आहे.

नदाफ हे आडनाव कापूस पिंजणाऱ्याच्या अरबी नावावरून आले. इ.स. ९२२ मध्ये बगदादला सुळी गेलेल्या मन्सूर हल्लाज यांच्या नावातला हल्लाजही पिंजारीच, आणि मन्सुरी म्हणवणारे आपले नाते त्यांच्याशी सांगतात. एवढे जुने नाव केवळ पाटीवर असून भागत नाही. कापूस गिऱ्हाइकासमोर तोलावा. नव्या कापसात जुना मिसळू नये. वजन पावतीवर लिहून द्यावे. दोन-तीन वर्षांनी पुन्हा पिंजून घ्या, असे आठवणीने सांगावे. फायबरवाला हे सांगू शकत नाही, आणि तेच गिऱ्हाईक पुन्हा आपल्या दारी येते.

आणि भाभी व भाईसाहेब पुन्हा दुकानात आले, तर मधले वजन काढू नये. दोघांना वेगवेगळे विचारावे. एका भांडणातून दोन रजया विकल्या जातील आणि इन्शाअल्लाह घरात झोपही शांत लागेल.