करार दोघांचा, भरवसा तुमचा: तिसऱ्या माणसाला हक्क मागता येतो का?

मीरा रोड-भाईंदरला जुन्या इमारतींचं रीडेव्हलपमेंट जोरात आहे, त्यामुळे बॅचमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "सर, नव्या बिल्डिंगमध्ये खाली गाळा बुक करतोय. सोसायटी आणि बिल्डरचा करार रजिस्टर्ड आहे, विक्रीचे गाळेही त्यात लिहिलेत. मग मी सेफ ना?"

थांबा. त्या करारावर सह्या सोसायटीच्या आणि बिल्डरच्या. तुमचा करार वेगळा, तो फक्त बिल्डरशी. उद्या काम रखडलं आणि सोसायटीने बिल्डरलाच काढलं, तर?

नेमकं हेच अंधेरीच्या डी. एन. नगरमध्ये झालं. तिथल्या सोसायट्यांच्या युनियनने वैदेही आकाश हाउसिंग या डेव्हलपरचा करार रद्द केला. डेव्हलपरकडून फ्लॅट घेतलेल्यांचं म्हणणं, आमचे फ्लॅट तरी राखा. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा: तुमचा करार डेव्हलपरशी आहे, सोसायटीशी नाही, आणि डेव्हलपरचाच हक्क गेला तर त्याच्यामार्फत आलेला तुमचा हक्क सोसायटीवर लादता येत नाही. दाद मागायची ती डेव्हलपरकडे. ऐकायला कठोर वाटतं, पण सोसायटीच्या बाजूने बघा. ज्यांना आपण कधी वचनच दिलं नाही, त्यांचं ओझं जुन्या रहिवाशांनी का घ्यायचं?

वकील याला 'प्रिव्हिटी ऑफ कॉन्ट्रॅक्ट' म्हणतात. म्हणजे करार ज्यांच्यात झाला, त्यांनीच तो एकमेकांकडून वसूल करायचा. गंमत म्हणजे १८७२ च्या करार कायद्यात हा नियम असा थेट लिहिलेला नाही. उलट कलम २(ड) म्हणतं की मोबदला दुसऱ्या कुणी दिला तरी चालतो. पण वचन मात्र तुम्हालाच दिलेलं असायला हवं. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये एम. सी. चाको खटल्यात हेच पक्कं केलं. तिथे कुटुंबाच्या दस्तात बँकेचं कर्ज कुणी फेडायचं हे लिहिलं होतं, पण बँक त्या दस्तात पक्षकार नव्हती, म्हणून त्याच्या जोरावर तिला मालमत्तेवर हक्क सांगता आला नाही. बँकेची ही गत, तर आपलं काय!

अपवाद आहेत. १९१० मध्ये प्रिव्ही कौन्सिलने हुसैनी बेगम यांना महिना ५०० रुपये खर्च-ए-पानदान मिळवून दिला. करार सासरे आणि वडील यांच्यात झाला होता, पण तो तिच्याच लाभासाठी होता आणि त्या रकमेसाठी ठरावीक मालमत्ता बांधून दिली होती. ट्रस्ट किंवा कौटुंबिक व्यवस्था असेल, तर बाहेरच्याचा हक्क उभा राहतो. धंद्यात असं क्वचितच घडतं.

आता भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या गाळ्यांत या. एक्स्पोर्टरची ऑर्डर फॅब्रिकेटरला, आणि फॅब्रिकेटरकडून पॉलिशचं जॉबवर्क तुम्हाला. पेमेंट अडकलं की लोक सरळ एक्स्पोर्टरच्या ऑफिसात जाऊन बसतात. "माल तर तुमचाच होता ना?" माल त्याचा, पण ऑर्डर त्याने तुम्हाला दिलेली नाही. तुमचं येणं फॅब्रिकेटरकडे. उद्यम नोंदणी असेल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्याची ४५ दिवसांची मर्यादाही त्याच्यावरच लागू, कारण तुमचा खरेदीदार तो.

मग करायचं काय? ज्याच्याकडून पैसे किंवा जागा हवी, त्याची सही घ्यायची. जॉबवर्क मोठं असेल तर एक्स्पोर्टरकडून 'फॅब्रिकेटरने थकवलं तर आम्ही थेट देऊ' असं तुमच्या नावाने लेखी घ्या. फोनवर "बघून घेऊ" म्हणाला, ते धरू नका. गाळ्यासाठी आधी सोसायटी-बिल्डरच्या कराराची प्रत मागा आणि करार रद्द करण्याचं कलम शोधा. रद्द झाल्यावर विकलेल्या गाळ्यांचं काय होणार, ते तिथे लिहिलंय का बघा. जमलं तर सोसायटीला तुमच्या ॲग्रीमेंटमध्ये कन्फर्मिंग पार्टी करा, पण नुसती सही पुरत नाही. 'बिल्डर बदलला तरी हा गाळा मान्य' हे शब्द हवेत. सोसायट्या सहसा तयार होत नाहीत, हेही सांगून ठेवतो.

हे सगळं टोकन देताना बघायचं. रेराच्या कलम १३ प्रमाणे ॲग्रीमेंट रजिस्टर होण्याआधी बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही. तेवढी रक्कम देण्याआधीच कराराची ती प्रत एखाद्या वकिलाला दाखवा.