मुलांचा खेळ समजून घेताना: गुणात्मक अभ्यासाच्या पायऱ्या

लहान मुलं खेळातून शिकतात, हे आता सगळेच मान्य करतात. २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही तीन ते आठ वर्षांच्या मुलांच्या शिक्षणात खेळाला मध्यवर्ती जागा आहे. पण आपल्या गावातल्या अंगणवाडीत भातुकली मांडून बसलेली चार मुलं नेमकं काय शिकत आहेत, हे कोणताही आराखडा सांगू शकत नाही. त्यासाठी तिथं बसून, शिस्तीनं पाहावं लागतं.

हे पाहणं कसं करायचं, ते इथं पायरीपायरीनं समजून घेऊ. आपण डी.एल.एड.चे विद्यार्थी असाल, अंगणवाडी सेविका असाल किंवा नुसते जिज्ञासू पालक असाल, तरी चालेल. संशोधनाचा अनुभव लागत नाही. वही, पेन आणि अर्थ लावण्याची घाई न करण्याची तयारी एवढंच पुरतं.

आधी थोडी ओळख

संशोधनाच्या दोन मुख्य पद्धती आहेत. संख्यात्मक संशोधन मोजतं: किती मुलं, किती वेळ, किती वेळा. गुणात्मक संशोधन विचारतं: हे कसं घडतं आणि ज्यांच्याबाबत घडतं त्यांच्या लेखी त्याचा अर्थ काय.

मोजणीचाही उपयोग असतोच. अमेरिकेत मिनेसोटा इथं मिल्ड्रेड पार्टन यांनी बालवाडीतल्या मुलांची एकेका मिनिटाची निरीक्षणं केली आणि १९३२ मध्ये एक वर्गवारी मांडली. कशातच नसणं, एकट्यानं खेळणं, बाजूला उभं राहून पाहणं, शेजारी बसून आपापलं खेळणं, मिसळून खेळणं आणि कामं वाटून घेऊन सहकार्यानं खेळणं, असे ते प्रकार. आजही ते वापरले जातात.

पण बाजूला उभं राहून पाहणारं मूल काय पाहत आहे, हे मोजणीतून कळत नाही. १९२४ पासून काही वर्षं इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या माल्टिंग हाउस शाळेत सुझन आयझॅक्स मुलांचं बोलणं आणि वागणं तपशिलानं टिपून ठेवत होत्या. त्या नोंदींवरचं त्यांचं पुस्तक १९३० मध्ये आलं. खेळताना मुलं किती नेटानं विचार करतात, तर्क लढवतात, हे त्यातून दिसलं. आपली वाट ही दुसरी आहे.

पायरी १: प्रश्न लहान करा

बहुतेकांची पहिली अडचण इथंच येते. ‘खेळाचा बालविकासावर होणारा परिणाम’ हा विषय मोठा आहे आणि या पद्धतीला न पेलणाराही आहे. परिणाम सिद्ध करायचा तर तुलना आणि मोजमाप लागतं.

त्याऐवजी असा प्रश्न घ्या: ‘चालू असलेल्या भातुकलीत नवं मूल कसं सामील होतं?’ किंवा ‘खेळाचे नियम कोण ठरवतं आणि ते बदलतात कसे?’ प्रश्नात ‘कसं’ असेल आणि उत्तर डोळ्यांसमोर घडताना दिसू शकत असेल, तर आपण योग्य मार्गावर आहात.

पायरी २: जागा निवडा

एकच अंगणवाडी किंवा बालवाडी पुरेशी असते. इथं खोली महत्त्वाची, पसारा नव्हे. मात्र तिथं मुक्त खेळाला, म्हणजे मुलांनी स्वतः ठरवून खेळायच्या वेळेला, रोज जागा हवी. प्रत्येक मिनिट बडबडगीतं आणि अक्षरओळखीत जात असेल, तर पाहायला फार काही मिळणार नाही.

खेळाचं साहित्य विकत आणलेलंच असलं पाहिजे, असं नाही. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढं अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या आदिवासी वस्त्यांत काम उभं केलं. खडे, पानं, बिया, काड्या हे तिथं शिक्षणाचं साहित्य होतं. अंगणात जाऊन शिकवण्याची कल्पनाही त्यांचीच. म्हणून वर्गातल्या खेळण्यांच्या कपाटाइतकंच बाहेरच्या झाडाखालीही लक्ष ठेवा.

पायरी ३: परवानगी, आणि मुलाची संमतीही

अंगणवाडी एकात्मिक बाल विकास सेवा योजनेखाली चालते. त्यामुळे बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्या, मुख्यसेविकांना कळवा आणि सेविका व मदतनीस यांच्याशी निवांत बोला. पालकांची संमती लेखी हवी. कुणाला वाचता येत नसेल, तर सगळं वाचून दाखवा, शंका विचारू द्या आणि मगच सही किंवा अंगठा घ्या.

पालकांनी हो म्हटलं म्हणजे मुलानं हो म्हटलं, असं होत नाही. चार वर्षांचं मूल कागदावर नकार देत नाही. ते पाठ फिरवतं, खेळ उचलून दुसरीकडे नेतं, वहीकडे पाहून गप्प होतं. हा नकारच असतो. त्या वेळी पेन खाली ठेवून बाजूला व्हा. संमती रोज, दर वेळी नव्यानं घ्यायची असते.

वहीत मुलांची खरी नावं लिहू नका. ‘मुलगी १’, ‘मुलगा २’ अशा खुणा वापरा आणि कोणती खूण कुणाची, ती यादी वेगळी, कुलपात ठेवा.

पायरी ४: आधी नुसतं बसा

नवं मोठं माणूस आलं की मुलांचा खेळ बदलतो. ती कविता म्हणून दाखवतात किंवा ‘बाई, हा मारतो’ म्हणून तक्रार आणतात. म्हणून पहिले काही दिवस नोंदी न करता बसा. खुर्चीवर नको, जमिनीवर. बक्षीस देऊ नका, भांडण सोडवू नका, शिकवू नका. मात्र कुणाला इजा होण्याची शक्यता दिसली तर नोंदी सोडून लगेच उठा. अभ्यासापेक्षा मूल मोठं.

समाजशास्त्रज्ञ विल्यम कोर्सारो यांनी अमेरिकेतल्या आणि इटलीतल्या बालवाड्यांत असाच अभ्यास केला. ते मुलांच्या जागेत जाऊन बसत आणि मुलंच आपल्याकडे येण्याची वाट पाहत. इटलीत त्यांची इटालियन भाषा कच्ची होती, म्हणून मुलं त्यांचं बोलणं सुधारत. त्यामुळे ते मुलांना इतर मोठ्यांसारखे वाटेनासे झाले. सगळं जाणणारा मोठा ही भूमिका सोडता आली, की मुलं आपल्याला जवळ येऊ देतात.

पायरी ५: दिसलेलं आणि वाटलेलं वेगळं लिहा

सगळ्या अभ्यासाचा कणा ही पायरी आहे, म्हणून इथं जरा थांबू. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे फक्त जे दिसलं आणि ऐकू आलं ते. उजवीकडे आपल्याला काय वाटलं ते.

एक कल्पित नमुना पाहू. घाईनं केलेली नोंद अशी असते: ‘मुलगी १ हट्टीपणा करते. तिला वाटून घेता येत नाही.’ यात एकही गोष्ट दिसलेली नाही. दोन्ही वाक्यं म्हणजे निकाल आहेत.

आता डावीकडची खरी नोंद: ‘सकाळी १०.४०. मुलगी १ टोपणात खडे घालून काडीनं ढवळते. मुलगा २ येतो, काडी धरतो. मुलगी १ काडी मागं ओढते: “नको ना, भाजी करपंल.” मुलगा २ उभा राहून पाहतो. बाहेर जाऊन वाळकी पानं आणतो: “कोथमीर आनली.” मुलगी १: “बारीक कर.” दोघं पानं चुरतात.’

आणि उजवीकडे: ‘काडी न देणं हे कदाचित खेळ मोडू नये म्हणून असेल. खेळाला साजेशी वस्तू आणल्यावर मुलाला जागा मिळाली. इतर मुलंही असंच करतात का, ते पाहायचं.’

फरक आपल्या लक्षात आला असेल. पहिल्या नोंदीत एक हट्टी मुलगी आहे. दुसरीत खेळ सांभाळणारी एक मुलगी आहे, आणि नकार मिळाल्यावर नवी युक्ती शोधणारा एक मुलगा. घडलेलं तेच आहे. पहिली नोंद मात्र पुढच्या शोधाचं दार बंद करते.

तीन गोष्टी जपा. ‘रागानं’, ‘आनंदानं’ असे शब्द डावीकडे नकोत. कपाळाला आठ्या, टाळ्या, उड्या असं लिहा. मुलांची बोली सुधारू नका. ‘करपंल’चं ‘करपेल’ केलं, तर मुलाचं घर त्या वाक्यातून निघून जातं. आणि त्याच दिवशी संध्याकाळी नोंदी पूर्ण करा, कारण दुसऱ्या दिवशी आठवण स्वतःच्या मनानं रिकाम्या जागा भरू लागते.

पायरी ६: रेकॉर्डिंग बेतानं करा

आवाज किंवा चित्रण घेतलं, तर निसटलेलं बोलणं पुन्हा ऐकता येतं. पण एका तासाचं रेकॉर्डिंग शब्दशः उतरवायला चार ते सहा तास सहज लागतात, आणि मुलं एकाच वेळी बोलतात तेव्हा त्याहून जास्त. म्हणून थोडंच घ्या, पण पूर्ण ऐका. संमतीपत्रात चित्रणाचा वेगळा उल्लेख हवा. मुलांचे फोटो किंवा व्हिडिओ व्हॉट्सॲपच्या गटावर कधीही टाकू नका, चेहरा गोड दिसतो म्हणूनसुद्धा नाही.

पायरी ७: मुलांनाच विचारा, पण त्यांच्या पद्धतीनं

‘तू असं का केलंस?’ हा प्रश्न मुलांना खुलासा मागितल्यासारखा वाटतो. उत्तर येतं ‘माहीत नाही’, किंवा आपल्याला आवडेल असं काहीतरी. त्याऐवजी म्हणा, ‘तुमचं घर मला दाखवता का?’

लंडनमध्ये ॲलिसन क्लार्क आणि पीटर मॉस यांनी २००१ मध्ये ‘मोझॅक पद्धत’ मांडली. तीत मुलं मोठ्यांना आपली जागा फिरून दाखवतात, फोटो काढतात, नकाशे बनवतात, आणि हे सगळे तुकडे जोडून चित्र तयार होतं. कॅमेरा नसला तरी चालतो. मुलानं काढलेलं चित्र समोर ठेवा आणि ते त्याबद्दल काय सांगतं, ते ऐका. चित्राचा अर्थ आपण लावायचा नाही.

सेविका आणि पालक यांच्याशीही बोला. घरी कोण स्वयंपाक करतं, आई ऊसतोडीला जाते का, धाकटं भावंड कोण सांभाळतं, हे कळल्यावर भातुकलीतली वाक्यं वेगळी ऐकू येतात.

पायरी ८: नोंदींतून सूत्रं शोधा

आता सगळ्या नोंदी पुन्हा पुन्हा वाचा. प्रत्येक महत्त्वाच्या तुकड्याला समासात छोटं नाव द्या. याला संकेतन म्हणतात, म्हणजे मजकुराला खुणेची लेबलं लावणं. वरच्या नमुन्यात ‘उभं राहून अंदाज घेणं’, ‘वस्तू आणून भूमिका मिळवणं’, ‘खेळातलंच कारण देऊन नकार’ अशी नावं देता येतील. ‘लिंबूटिंबू’, ‘खोटं खोटं’, ‘राज्य’ असे मुलांचेच शब्द सापडले, तर तेच नाव म्हणून ठेवा.

मग सारखी नावं एकत्र करा. त्यातून मोठं सूत्र दिसतं, उदाहरणार्थ ‘खेळात जागा मिळवणं’. व्हर्जिनिया ब्राउन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांनी २००६ मध्ये या कामाचे सहा टप्पे सांगितले. त्यांत पहिला आहे नुसतं वाचून साहित्याशी ओळख करून घेणं. तो वगळू नका.

इथं इतरांचं काम उपयोगी पडतं. कोर्सारोंना असं दिसलं, की चालू खेळात दुसऱ्याला येऊ न देण्यामागं मुलांचा स्वार्थ नसतो. सहज मोडणारा खेळ ती जपत असतात. १९३३ च्या एका व्याख्यानात मानसशास्त्रज्ञ वायगोत्स्की यांनी दाखवलं, की कल्पनेच्या खेळातही नियम असतात. आई झालेल्या मुलीला आईसारखंच वागावं लागतं. मात्र असे सिद्धांत नोंदींनंतर वाचा किंवा बाजूला ठेवून पाहा. नाहीतर जिथं तिथं तेच दिसू लागतं.

पायरी ९: स्वतःला तपासा

एकच गोष्ट निरीक्षण, मुलांचं सांगणं आणि सेविकांचं सांगणं अशा तीन बाजूंनी पाहा. याला त्रिकोणीकरण म्हणतात. तिन्ही जुळली नाहीत, तर दडपू नका. तिथंच शिकण्यासारखं असतं.

आपल्या सूत्रात न बसणारे प्रसंग मुद्दाम शोधा. पानं आणूनही एखाद्या मुलाला कुणी खेळात घेतलं नाही, असं घडलं का? ते मूल कोण, कोणत्या वस्तीतलं? मुलांच्या खेळात मोठ्यांच्या जगातले भेदही उतरतात, आणि ते न लिहिणं हा अप्रामाणिकपणा ठरेल.

पायरी १०: लिहा आणि परत न्या

अहवालात मुलांची वाक्यं जशीच्या तशी द्या, म्हणजे वाचकाला आपला अर्थ पडताळता येईल. एका अंगणवाडीवरून ‘महाराष्ट्रातली मुलं’ असं लिहू नका. ‘इथं, या मुलांमध्ये असं दिसलं’ एवढंच म्हणा. तेही कमी नाही.

शेवटी सापडलेलं सेविकांपुढं मांडा. ‘सगळ्यांनी मिळून खेळा’ असं सांगण्याऐवजी बाहेर उभ्या मुलाच्या हाती चार पानं दिली तर काय होतं, हे त्यांना करून पाहता येईल. अभ्यासातून एवढं साधलं, तरी तो अभ्यास मुलांपर्यंत पोहोचला.

सुरुवात उद्याच करता येईल. परवानगी घेऊन पंधरा मिनिटं बसा आणि नोंदींच्या पहिल्या दिवशी फक्त डावी बाजू भरा. उजवी कोरीच राहू द्या.