यंत्राने नकार दिला, जबाब कोण देणार?

उधारी द्यायची की नाही, हे आमच्या चोपड्याच्या बाजारात पूर्वी गादीवरचा शेठ माणूस पाहून ठरवी. बाप कोण, दुकान किती वर्षांचे, मागचा हिशेब चुकता झाला की नाही, एवढे विचारले की काम होई. त्यात दुजाभावही होई. पण नकार देणारा समोर बसलेला असे, त्याच्याशी दोन शब्द बोलता येत. आता नकार संगणक देतो आणि खिडकीमागचा बाबू म्हणतो, ‘सिस्टीम घेत नाही.’

ही पाळी आमच्यावरही आली. मालेगावचा माल भरण्यासाठी आम्ही एका बँकेकडे कर्जाची मर्यादा वाढवून मागितली. अर्ज फेटाळला गेला. चौकशीअंती कळले की, आमच्याच नावाच्या दुसऱ्या इसमाचे थकलेले कर्ज आमच्या खाती लागले होते. आमच्यात एका मोहल्ल्यात एकाच नावाची चार माणसे निघतात. शिवाय उर्दू शाळेच्या दाखल्यावर नाव एकच. मराठीत त्याचे दोन आणि इंग्रजीत चार प्रकार होतात. माणसाला हे समजते, यंत्राला समजत नाही.

यंत्राच्या मनात द्वेष नसतो, पण जुन्या नोंदींतला भेद ते शिकून घेते. अमेरिकेच्या अ‍ॅमेझॉन कंपनीने नोकरीचे अर्ज छाननारे यंत्र मागील दहा वर्षांच्या अर्जांवर तयार केले. ते अर्ज बहुतेक पुरुषांचे होते, म्हणून यंत्र स्त्रियांचे अर्ज खाली ढकलू लागले. कंपनीने ते बंद केले. 2018 मध्ये ही गोष्ट उघड झाली.

आपल्या राज्यातला दाखला याहून बोलका आहे. केएमजी वायर्स या कंपनीने सुमारे 3.09 कोटी रुपये उत्पन्न दाखवले होते. आयकर खात्याने ते 27.91 कोटी ठरवले. आदेशात आधाराला जे तीन निवाडे दिले, ते अस्तित्वातच नव्हते! ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द करून प्रकरण फेरतपासणीसाठी परत पाठवले. संगणकाने दिलेल्या निकालावर डोळे झाकून विसंबू नये, पडताळून घ्यावे, असे न्यायालयाने बजावले. माल देणाऱ्याने बिले व ई-वे बिले खात्याला आधीच दिली होती. कागद होते, म्हणून बाजू मांडता आली.

बँका आणि मोठ्या कंपन्यांकडे पगारी वकील असतात. यंत्र कामाला लावण्यापूर्वी ‘हे कोणाला वगळते? चूक झाली तर सही कोणाची?’ असे विचारणे त्यांचे काम आहे. रिझर्व्ह बँकेच्या समितीने ऑगस्ट 2025 मध्ये 26 शिफारशी केल्या. तिच्या सात सूत्रांत निष्पक्षपणा आणि जबाबदारी ही दोन्ही आहेत. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती कायदा सांगतो की, ज्या माहितीवरून माणसाबद्दल निर्णय घ्यायचा, ती पूर्ण व अचूक हवी. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले असून कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतो.

आम्हा छोट्या व्यापाऱ्यांकडे वकील नाही, फार तर मुनीम आहे. म्हणून बांधवांनो, तीन कामे आजच करा. आधार, पॅन, पासबुक आणि जीएसटी नोंदणीवरचे नाव अक्षर न् अक्षर एक करून घ्या. सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत देतात. तो मागवून वाचा. चूक दिसली तर लेखी तक्रार करा. तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढे दररोज शंभर रुपये भरपाई द्यावी लागेल, असा रिझर्व्ह बँकेचा 2023 चा हुकूम आहे.

आमची नोंद लेखी पाठपुराव्यानंतर दुरुस्त झाली, पण तोवर ईदचा हंगाम निघून गेला होता. बाबूने ‘सिस्टीम’ म्हटले की आम्ही मान खाली घालून परतलो, ही चूक आमचीच. नकार मिळाला तर कारण लेखी मागा. यंत्र कोणाचेही असो, ते कामाला लावणारा माणूसच असतो.