वॉशिंग मशीनचा खडखडाट : बेअरिंग खोलण्यापूर्वी

फ्रंट लोडिंग मशीन खडखडू लागले की काही मिस्त्री थेट बेअरिंगचा खर्च सांगतात. आमच्या मते ही घाई धंद्याला मारक आहे. कारागीर बंधूंनी आधी प्लग काढून रिकामा ड्रम हाताने फिरवावा. घरघर आली, ड्रम वरखाली हलला, तर बेअरिंग गेले समजावे. मग सीलही बदलावे, कारण बहुधा सील झिजून पाणी शिरल्यानेच बेअरिंग गंजते. पाणी सोडतानाच आवाज येत असेल तर पंपाच्या जाळीत नाणे, बटण शोधावे. नवे मशीन पहिल्याच दिवशी उड्या मारत असेल, तर मागचे वाहतुकीचे बोल्ट काढायचे राहिले असतील. चारही पाय जमिनीला टेकलेत का, हेही पाहावे. अशा बिनखर्ची दुरुस्तीत तपासणीचे पैसे मात्र आधीच ठरवावेत. पाच मिनिटांत काम झाले की गिऱ्हाईक हात आखडता घेते.