काठी, सावली आणि वही

शाळा सुटल्यावर मुलांसाठी विज्ञान मंडळ चालवावं, अशी हौस पुष्कळांना असते. पहिल्या दिवशी वीस-पंचवीस मुलं जमतात. कुणीतरी मोठा माणूस फुगे फोडून, धूर काढून दाखवतो, टाळ्या पडतात. तिसऱ्या आठवड्यात चारच मुलं उरतात. असं का? कारण बघून झालं की मुलाचं काम संपतं. हाताला काम आणि डोक्याला प्रश्न मिळाला, तरच ते पुन्हा येतं.

आता कुवेतमधलं जहरा घ्या. कुवेत शहराच्या पश्चिमेला, जुन्या शेतमळ्यांचं आणि लाल किल्ल्याचं हे गाव. कुवेतमध्ये लाखो भारतीय राहतात, त्यांत मराठी कुटुंबंही आहेत. ऊन किती म्हणाल, तर जहरा प्रांतातल्याच मित्रिबा इथे २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश सेल्सियस तापमान नोंदलं गेलं! अशा दिवसांत मुलांना बाहेर कसं काढणार? म्हणून बाहेरचे प्रयोग हिवाळ्यात आणि मार्चमध्ये करावेत. राजधानीत १९७४ पासून मोठा सायन्स क्लब आहे, पण रोज तिथवर कोण नेणार? आठ-दहा मुलं, एक अंगण आणि एक धीराचा माणूस एवढ्यावरही मंडळ चालतं. आजी-आजोबांनो, तो माणूस तुम्हीच!

बरं का मुलांनो, एक प्रयोग सांगतो. २० किंवा २१ मार्चला एक मीटर लांबीची काठी सपाट जागी सरळ उभी करा. अकरापासून एक वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावली मोजा आणि वहीत लिहा. सूर्याकडे मात्र बघू नका. सगळ्यात आखूड सावली कधी पडली, ते शोधा. घड्याळात बरोबर बारा वाजले असतील असं नाही. त्या दिवशी दिमोनाला साधारण पावणेबारा, जहराला बाराला दोन-तीन मिनिटं कमी आणि अलिबागला पाऊण वाजलेला असेल.

संध्याकाळी मंडळात आकडे मांडा आणि दुसऱ्या गावच्या मावसभावाला, आतेबहिणीला फोन लावा. अलिबागची सावली सुमारे ३४ सेंटिमीटर भरेल, जहराची ५६, दिमोनाची ६०. काठी तीच, सूर्य तोच, मग सावली वेगळी का? पृथ्वी सपाट असती, तर इतक्या दूरच्या सूर्याने सगळीकडे सारखीच सावली पाडली असती. पृथ्वी गोल आहे, म्हणून जसजसं उत्तरेला जाल तशी सावली लांबते. सुमारे २२०० वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये एराटोस्थेनिसने याच युक्तीने पृथ्वीचा घेर काढला होता.

मंडळ चालवणाऱ्यांनी चार गोष्टी पाळाव्यात. वार आणि वेळ ठरलेली असावी. मोजपट्टी प्रत्येक मुलाच्या हातात यावी, हुशार मुलानेच सगळं करू नये. आकडा चुकला तरी खोडू नये, बाजूला कारण लिहावं. आणि उत्तर आधी सांगून टाकू नये. मुलाला थोडं अडू द्यावं, मग ते स्वतःच विचारतं.

वहीची किंमत आपल्या अलिबागकरांना नवी नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्यामुळे कुलाबा वेधशाळेतली चुंबकीय मापं बिघडणार, हे ओळखून १९०४ साली अलिबागला वेधशाळा सुरू झाली. तिथल्या नोंदी शंभराहून जास्त वर्षं चालू आहेत. एका दिवसाच्या आकड्याने फारसं कळत नाही, वर्षानुवर्षांच्या आकड्यांनी पृथ्वीचं चुंबकत्व कसं बदलतं ते समजतं. मंडळाचंही तसंच आहे. पहिल्या दिवसाच्या गर्दीवरून त्याची परीक्षा करू नये. वर्षअखेर मुलांच्या वह्या किती भरल्या, ते बघावं.

तेव्हा येत्या मार्चमध्ये नातवंडांना घेऊन काठी उभी करा, आणि आपल्या गावची सावली किती भरली ते आम्हाला जरूर कळवा.