घाटातील सांधा आणि संगणकातील तपासणी

लोणावळ्याहून कर्जतकडे उतरणारी गाडी घाटात मध्येच थांबली की नवख्या प्रवाशास वाटते, सिग्नल मिळाला नसावा. आपल्या मावळातील रेल्वे कामगारांच्या मुलांना खरे कारण ठाऊक असते. १८६३ साली खुल्या झालेल्या या लोहमार्गाचा उतार काही ठिकाणी सदतीस फुटांस एक फूट इतका तीव्र आहे. म्हणून तेथे कॅच सायडिंग, म्हणजे चढावर जाऊन संपणारे आडमार्ग, बांधलेले आहेत. सांधा एरवी आडमार्गाकडेच वळवलेला असतो. गाडी ठरल्या जागी थांबली, ब्रेक ताब्यात आहेत हे दिसले, की मगच तो मुख्य मार्गास जोडतात. निघण्यापूर्वी झालेल्या तपासणीवर विसंबून राहत नाहीत. धावत्या गाडीलाच पुरावा द्यावा लागतो.

आमचे काही माजी विद्यार्थी आज संगणकप्रणाली लिहितात. त्यांच्या क्षेत्रात हाच प्रश्न जुना आहे. सोळा बिटांच्या घरात ३२,७६७ पर्यंतचीच संख्या मावते. त्यात एक मिळवला, तर पुष्कळ यंत्रे निमूटपणे उणे ३२,७६८ दाखवतात. चाळीस नावांच्या यादीतील एक्केचाळिसावे नाव मागितले, तर पायथॉन भाषा काम थांबवते. सी भाषा मात्र शेजारच्या स्मृतीत जे असेल तेच उचलून देऊ शकते. प्रत्येक वेळी तपासायचे तर वेळ जातो, म्हणून अनेकजण तपासणी वगळतात. वाचतो तो यंत्राचा वेळ. चुकीचा भार पडतो तो ज्याच्या नावे शिष्यवृत्ती वा रेशन आहे त्याच्यावर.

मग हे काम यंत्राच्या घडणीतच का असू नये? १९६१ च्या बरोज बी ५००० या संगणकात यादीची मर्यादा यंत्रच तपासत असे. इंटेलच्या जुन्या प्रोसेसरांतही मर्यादा तपासणारी आज्ञा होती. ती फारशी वापरात आली नाही आणि ६४ बिटांच्या पद्धतीत गळाली. केंब्रिज विद्यापीठात २०१० पासून चाललेल्या 'चेरी' प्रकल्पात स्मृतीच्या प्रत्येक पत्त्यासोबत त्याची हद्दही नोंदलेली असते आणि ती यंत्रच पाळायला लावते. आमचे मत या बाजूचे आहे.

परंतु चूक पकडणे म्हणजे अर्धेच काम. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियान ५ हे अग्निबाण उड्डाणानंतर सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झाले. मोठी संख्या सोळा बिटांत बसवताना मर्यादा ओलांडली गेली. प्रोसेसरवरील भार मर्यादित ठेवण्यासाठी त्या संख्येचे संरक्षण वगळले होते. यंत्राने चूक ओळखली होती, पण अशा वेळी प्रोसेसर बंद करायचा, एवढेच ठरवलेले होते. दिशादर्शक संगणक बंद पडला, आणि राखीव संगणकही त्याच चुकीने आधीच थांबलेला होता. सांधा होता, आडमार्ग नव्हता.

यंदा आमच्या नववीच्या मुलांनी वसतिगृहाच्या धान्याचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम लिहिला. एके दिवशी त्याने शिल्लक तांदूळ उणे बारा किलो दाखवला. मुले खूप हसली. आता शिल्लक शून्याखाली गेली की प्रोग्राम नोंद घेण्याचे थांबवतो आणि कोठीची वही पाहण्यास सांगतो.