इथे लास्ट बेंचच नाही!

सबमिशनच्या आदल्या रात्री झेरॉक्सवाल्याकडे नोट्ससाठी रांग लावलीय कधी? मग हे वाचाच.

अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या अ‍ॅनापोलिसमध्ये सेंट जॉन्स नावाचं छोटंसं कॉलेज आहे. १९३७ पासून तिथे सगळ्यांना एकच अभ्यासक्रम. मेजर-मायनरची भानगड नाही. गाईड नाही, मूळ ग्रंथच वाचायचे. पहिल्या वर्षी होमर, प्लेटो आणि सोबत प्राचीन ग्रीक भाषा. गणित थेट युक्लिडकडून. फळ्यापाशी जाऊन प्रमेय सिद्ध करायचं ते सरांनी नाही, तुम्ही!

आठवड्यातून दोनदा संध्याकाळी सेमिनार. मोठ्या टेबलाभोवती सगळे बसतात, ट्यूटर एक प्रश्न टाकतात आणि पुढे बोलायचं मुलांनी. लपणार कुठे?

खरी धडकी भरते ती 'डॉन रॅग'ला. सेमिस्टर संपताना तुमचे सगळे ट्यूटर एकत्र बसतात आणि तुमच्यादेखत तुमच्याबद्दल आपापसांत बोलतात, जणू तुम्ही तिथे नाहीच! वाचून येते का, दुसऱ्याचं ऐकते का, नुसती ठोकून देते का... मग तुमची पाळी. ग्रेड असतात, पण आपणहून कुणी सांगत नाही. हव्या असतील तर विचारायच्या.

हे वाचताना मला माझी लास्ट इयरची व्हायवा आठवली. बाहेरून आलेल्या मॅडम म्हणाल्या, "पुस्तकातलं राहू दे, तुला काय वाटतं?" माझी बोलतीच बंद. तीन वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं ना!

तिथेही सगळं आलबेल नाही. पदवीच्या यादीत बहुतेक पुस्तकं पाश्चात्त्यच. संस्कृत शिकायचं तर सांता फेच्या दुसऱ्या कॅम्पसमधलं एमए गाठा. २०१९ मध्ये ट्यूशन फी जवळपास ५२ हजार डॉलरवरून ३५ हजारांवर आणली, तरी रुपयांत हिशोब केला की घाम फुटतो.

पण टेबल आणि प्रश्न तर फुकट आहेत. मागच्या रविवारी आम्ही पाच जण ताराबाई शिंदे यांचं १८८२ मधलं 'स्त्रीपुरुष तुलना' वाचून टपरीवर जमलो. छोटंसंच पुस्तक आहे. मोबाइल बॅगेत, प्रश्न एकच : ताराबाई नेमक्या कुणावर चिडल्यात? पहिली दहा मिनिटं सगळे नुसते चहाच्या ग्लासात बघत होते. मग जी जुंपली, ती टपरीवाल्या काकांनी बाकडं आत घेतलं तेव्हाच थांबली.